रावेरहून अमेरिकेच्या हायस्कूलमध्ये: एका एक्स्चेंज अर्जाचं प्रकरण

रावेर तालुक्यातलं केळीवालं घर. माणसं सात. मुलगी सेमी इंग्रजीत, जन्म नोव्हेंबर २००९, नववीला ९१ टक्के. दहावीनंतर एक शैक्षणिक वर्ष, म्हणजे ऑगस्ट २०२५ ते जून २०२६, अमेरिकेतल्या एखाद्या कुटुंबात राहून तिथल्या हायस्कूलमध्ये शिकायचं, असा विषय घरात निघाला तो जून २०२४ मध्ये. हे घर प्रातिनिधिक आहे. खानदेशातून असा अर्ज करणाऱ्यांपुढे जे जे उभं राहतं, ते एका धाग्यात यावं म्हणून ते असं मांडलं आहे. नियम, फी आणि तारखा मात्र खऱ्या.

घरच्यांना धास्ती होती इंग्रजीची. तिथे काहीच अडलं नाही. अडलं ते आडनावावर, अकरावीवर आणि लशींवर. अर्जाच्या फॉर्ममध्ये या तिन्हींना मिळून पान-दीड पान जागा असते, पण प्रत्येकाला महिने लागतात, आणि फॉर्म हातात आल्यावर सुरुवात केली तर उशीर झालेला असतो.

रस्ता कोणता

अमेरिकेला जाण्याचे एक्स्चेंजचे तीन रस्ते सहसा कानावर येतात. पहिला केनेडी-लुगार यस. २००२ पासून चालणारी ही अमेरिकी सरकारची शिष्यवृत्ती आहे. खर्च जवळपास सगळा तेच करतात, स्पर्धा तशीच तगडी. आणि या शिष्यवृत्तीवर गेलेल्याला परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती पुरी होईपर्यंत अमेरिकेचा कामाचा एच व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. दुसरा रोटरी यूथ एक्स्चेंज. तिसरा खासगी एजन्सी, जिथे रक्कम लाखांत जाते आणि ‘एक्स्चेंज’च्या नावाखाली कधी कधी साधा फी भरून घेतलेला शाळाप्रवेश गळ्यात मारला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. खरं एक्स्चेंज जे-१ या एक्स्चेंजच्या खास व्हिसावर होतं आणि त्या व्हिसावर ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला पैसे दिले जात नाहीत. एजंट ‘होस्ट फॅमिली फी’ मागू लागला की उठून यावं.

या घरानं रोटरी धरली. खानदेश रोटरीच्या डिस्ट्रिक्ट ३०३० मध्ये, म्हणजे रोटरीच्या त्या क्रमांकाच्या प्रादेशिक विभागात, येतो आणि जळगाव, भुसावळ, धुळे इथे क्लब आहेत. अर्जदाराचे आईवडील रोटेरियन असावेच लागत नाहीत, ही गोष्ट तालुक्यात फारशी कुणाला ठाऊक नसते. क्लबच्या सचिवाला पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारावेत: यंदा डिस्ट्रिक्ट यूथ एक्स्चेंजसाठी प्रमाणित आहे का, आणि दीर्घ मुदतीच्या जागा कोणत्या देशांशी ठरल्या आहेत. क्लब बहुधा आणखी एक गोष्ट विचारतो: तुमची मुलगी तिकडे गेल्यावर तिकडचं मूल तुम्ही काही महिने घरी ठेवाल का? घरात वेगळी खोली नाही म्हणून वडील आधी कचरले. वेगळा पलंग आणि दाराला आतून कडी असलेलं न्हाणीघर एवढ्यावर भागलं.

वयाचा हिशेब इथेच करून टाकावा. जे-१ च्या शालेय वर्गात वय किमान १५ आणि शाळेच्या पहिल्या दिवशी साडेअठराच्या आत लागतं, आणि बालवाडी सोडून ११ पेक्षा जास्त इयत्ता झालेल्या चालत नाहीत. ऑगस्ट २०२५ ला मुलगी पंधरा वर्षं नऊ महिन्यांची, इयत्ता दहा. म्हणजे बसते. बारावी देऊन मग जाऊ म्हणणाऱ्याला मात्र हा दरवाजा बंद असतो.

अकरावीचं काय

घरात खरी वादावादी झाली ती यावर. मामांचा सल्ला असा: जळगावला एखाद्या इंटिग्रेटेड कॉलेजात अकरावीला नाव घालून ठेवा, पोरगी जाऊन येईल, आली की सरळ बारावी. ऐकायला हा सल्ला शहाणपणाचा वाटतो आणि पुष्कळ घरं तो मानतात. त्यात तीन भोकं आहेत. अकरावीची हजेरी आणि परीक्षा नसताना बारावीचा नियमित फॉर्म भरायचा तर खोटी हजेरी लावावी लागते. त्याच काळात मुलगी अमेरिकेत शिकत होती याचा पुरावा तिच्याच पासपोर्टवर शिक्क्यानिशी असतो. शिवाय शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्या कॉलेजात जमा होतो आणि पुढे कॉलेज बदलायचं म्हटलं की तो सोडवत बसावं लागतं.

अमेरिकेतल्या त्या वर्षाची गुणपत्रिका, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, मिळते. पण त्यावर इथे अकरावी माफ होईल असं धरून चालू नये. एक्स्चेंजच्या मुलाला बहुतेक शाळा डिप्लोमा देत नाहीत, आणि तिथे घेतलेले विषय आपल्या विज्ञान शाखेशी जुळतीलच असंही नाही.

म्हणून घरानं सरळ हिशेब केला: एक वर्ष मागे. दहावी मार्च २०२५, अकरावी जून २०२६ पासून. जेईई मेन्सला वयाची अट नाही. नीटला किमान वय १७ लागतं, कमाल मर्यादा नाही. जेईई ॲडव्हान्स्डच्या संधी बारावी ज्या वर्षी पहिल्यांदा दिली त्यापासून मोजतात, त्यामुळे बारावीच्या आधीचं वर्ष त्यात धरलं जात नाही. बरोबरीच्या मुली एक इयत्ता पुढे जाणार, एवढंच खरं नुकसान. ते मुलीला मान्य आहे का, हे तिला एकटीला बसवून विचारावं. आजोबांसमोर विचारलं तर ती ‘हो’च म्हणणार.

पाटील की भंगाळे

वडिलांच्या आधारवर, पॅनवर, बँकेत आणि सातबाऱ्यावर आडनाव पाटील. मुलीच्या जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला भंगाळे. रावेर, यावल, भुसावळकडच्या लेवा घरांत यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पाटीलकी कागदावर चालत आली आणि पुढच्या पिढीनं कुळाचं आडनाव लावलं. पासपोर्टच्या खिडकीवरच्या माणसाला मात्र एवढंच दिसतं की बापाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं आहे.

दुरुस्ती कुणाच्या कागदांत करायची, हा इथला खरा निर्णय. मुलीचे बदलायचे तर जन्मदाखला, शाळा, जातीचा दाखला आणि तोंडावर आलेला दहावीचा बोर्डाचा फॉर्म, सगळंच हलतं. म्हणून वडिलांनी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात दिली आणि त्या प्रतीवर फक्त आधार आणि पॅन बदलले. सातबारा आणि बँक तशीच ठेवली. जिथे जिथे ते कागद लागले तिथे राजपत्राची प्रत सोबत जोडली. हे जुलै-ऑगस्टमध्ये उरकलं म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोर्डाचा फॉर्म भरताना गोंधळ झाला नाही. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर एकदा नाव छापलं की ते दुरुस्त करायला नाशिक विभागीय मंडळाच्या चकरा माराव्या लागतात.

पासपोर्टच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. शाळेच्या सवयीनं कुणी ‘भंगाळे अमुक तमुक’ असं सगळं एकाच रकान्यात भरतं आणि आडनावाची जागा कोरी सोडतं. असा पासपोर्ट अमेरिकेच्या व्हिसाला गेला की ते सगळं नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) छापून येतं. मग तिकडच्या शाळेच्या हजेरीत पोर वर्षभर ‘फनू’. आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव, आणि दुसऱ्यात स्वतःचं नाव व वडिलांचं नाव, असं भरावं.

जळगावच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात अल्पवयीन मुलासाठी आईवडील दोघांच्या सहीचं ‘परिशिष्ट ड’ लागतं. १५ ते १८ वयात दोन पर्याय मिळतात: अठरा पूर्ण होईपर्यंतचा पासपोर्ट १,००० रुपयांत, किंवा पूर्ण १० वर्षांचा १,५०० रुपयांत. पाचशे रुपये वाचवायला जाऊ नये.

यजमान घराला पत्र

फॉर्ममधला हा सर्वांत महत्त्वाचा कागद, आणि सर्वांत वाईट लिहिला जाणारा. मुलीचा पहिला मसुदा क्लासच्या सरांनी दुरुस्त करून दिला होता. इंग्रजी निर्दोष. आशय असा: मला वाचन, प्रवास आणि संगीत आवडतं, भारताची महान संस्कृती जगापुढे न्यायची आहे, मोठेपणी देशसेवा करायची आहे. असं पत्र वाचून कुणी परकं पोर दहा महिने घरात घेत नाही, कारण त्यात पोर कुठेच नाही. अमेरिकेतलं जे जोडपं हे वाचतं, त्यांना कळायला हवं असतं ते एवढंच: ही सकाळी किती वाजता उठते, भांडी घासेल का, रुसली तर काय करते, आमच्या कुत्र्याला घाबरेल का.

दुसरा मसुदा तिनं स्वतः लिहिला. इंग्रजी जरा अडखळतं, ते तसंच ठेवलं. त्यातला एक तुकडा मराठीत असा: ‘केळीचा ट्रक भरायला आला की वजनाची वही माझ्याकडे असते. दर दहा घडांनी मी बेरीज मारते, कारण एकदा व्यापाऱ्याच्या माणसाच्या आकड्याशी आमचा आकडा जुळला नव्हता. हिवाळ्यात आम्ही शेतात भरीत करतो. वांगी काट्याकुट्यांवर भाजायचं काम भावाचं, बडगीत ठेचायचं माझं. तुमच्याकडे ओव्हनमध्ये ते जमेल का, मला बघायचंय.’ पुढे तिनं लिहिलं की आजी लेवा बोलीत बोलते, ती दुपारी झोपली की घरात टीव्ही लावायचा नाही असा नियम आहे, आणि कुत्र्यांची सवय आहे पण कुत्रं घरात झोपलेलं कधी पाहिलेलं नाही.

जेवणाबद्दल नेमकं लिहिणं फार गरजेचं. ‘प्युअर व्हेजिटेरियन’ एवढंच लिहिलं की यजमान घाबरतात आणि जागा मिळायला उशीर होतो. तिनं लिहिलं: मांस-मासे खात नाही, अंडं घातलेला केक खाते, त्याच स्वयंपाकघरात मांस शिजलं तरी हरकत नाही, खिचडी, पोळी आणि दोन भाज्या मला करता येतात. जे खरोखर चालणार नाही ते मात्र लपवू नये. अंड्याचाही विटाळ असेल तर तसं लिहावं आणि थांबायची तयारी ठेवावी.

आईवडिलांचंही पत्र लागतं. ‘आमची मुलगी अत्यंत आज्ञाधारक व मेहनती आहे’ या वाक्याचा कुणाला उपयोग नाही. आईनं सांगितलेलं आणि वडिलांनी उतरवलेलं वाक्य जास्त कामाचं: ती चिडली की बोलणं बंद करते, तासाभरानं आपण होऊन येते, तेवढा वेळ तिला द्यावा.

फोटोंत स्टुडिओतला पिवळ्या पडद्यापुढचा फोटो नको. घरातले सगळे, शाळा, आणि रोजचं काही करतानाचा एक, असे तीन पुरतात, प्रत्येकाखाली एक ओळ. सह्या मूळ आणि निळ्या शाईत कराव्यात, म्हणजे झेरॉक्सपासून वेगळ्या ओळखू येतात. आठवीपासूनचं प्रगतिपुस्तक मराठीत असतं. त्याचा इंग्रजी तक्ता शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी करून घ्यावा, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी. सुट्टीत शाळेचा कारकून सापडत नाही.

डॉक्टरांचं पान

रोटरीच्या फॉर्ममध्ये डॉक्टरांचं आणि दातांच्या डॉक्टरांचं अशी दोन वेगळी पानं असतात. दातांचं पान लोक विसरतात. आजार लपवणं सर्वांत महागात पडतं. दमा, अर्धशिशी, फिट्स, मानसोपचाराची गोळी, काहीही असलं तरी लिहावं. विमा आधीपासूनच्या आजाराचा खर्च नाकारू शकतो आणि लपवल्याचं उघड झालं तर मुलाला परत पाठवतात. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या अर्जदारांनी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी आणि वाहक आहे की रुग्ण, हे अहवालात स्पष्ट लिहून घ्यावं.

लशींचं गणित बहुतेक डॉक्टरांनाही चटकन लक्षात येत नाही, कारण आपलं वेळापत्रक आणि अमेरिकी शाळांचं वेळापत्रक एक नाही. नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस तिथे धरत नाहीत. पहिला वाढदिवस झाल्यानंतरचे एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस त्यांना लागतात. या मुलीला नोव्हेंबर २०१८ पासूनच्या गोवर-रुबेला मोहिमेत शाळेत इंजेक्शन मिळालं होतं, पण त्यात गालगुंडाचा भाग नव्हता, आणि कार्डही हरवलेलं. कांजण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाहीच. तिचे दोन डोस, तेराच्या पुढे वय असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतरानं. धनुर्वाताची शाळेत मिळालेली टीडी चालत नाही, डांग्या खोकल्यासह असलेली टीडॅप लागते. मेंदूज्वराची (मेनिंगोकोकल) लस तिथल्या राज्यानुसार मागतात.

गोम अशी की एमएमआर आणि कांजण्या या जिवंत विषाणूंच्या लशी आहेत. त्या एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडावेत. क्षयाची मॅन्टू चाचणीही त्याच दिवशी किंवा त्याआधी करावी. लस आधी आणि मॅन्टू आठवड्याभरानं केली तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. हिची मॅन्टू १२ मिलिमीटर आली आणि घरात रडारड झाली. क्षय असलेल्या देशातून येणाऱ्यांत १० किंवा त्यापुढे पॉझिटिव्ह धरतात, पण लहानपणीच्या बीसीजीमुळेही चाचणी तशी येऊ शकते. इग्रा या रक्ततपासणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती निगेटिव्ह आली, सोबत छातीचा एक्स-रे जोडला, प्रश्न मिटला. शक्य असेल तर थेट इग्राच करावी आणि रक्त लशीच्या आधी द्यावं. बोर्डाची परीक्षा १७ मार्चला संपली, लशी त्यानंतर सुरू झाल्या. याहून उशीर परवडला नसता.

मुलाखत

क्लबची मुलाखत फार लांबत नाही. इंग्रजीत दोन-चार प्रश्न, मग आईवडिलांना आत बोलावतात. पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं. त्याहून जास्त नडतं ते मुलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वडिलांनी देणं. समिती मुद्दाम थांबते आणि पुन्हा मुलीकडे बघते. चार मनाया इथेच सांगतात: गाडी चालवणं, दारू, ड्रग्ज आणि प्रेमप्रकरण. पंधराव्या वर्षी स्कूटी हाकणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना पहिली मनाई सर्वांत जड जाते, कारण तिकडे शाळेतच गाडी शिकवतात आणि यजमान हौसेनं ‘चालवून बघ’ म्हणतात. चालवायची नाही. त्या एका चुकीवर परतीचं तिकीट निघतं.

पैसा आणि व्हिसा

शाळेची फी, राहणं, जेवण यजमान बाजूकडे. घराकडे विमान तिकीट, विमा, व्हिसा, कपडे आणि क्लब सांगेल तेवढी आणीबाणीची रक्कम. जे-१ च्या नियमानं विमा प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचा लागतो. ग्राहकाच्या वाट्याची रक्कम ५०० डॉलरच्या वर नको. व्हिसा फी १८५ डॉलर, सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) २२० डॉलर.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून घरात रिटर्नच नव्हतं. त्याऐवजी सातबारा, आठ-अ, दोन वर्षांच्या केळी विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) आणि त्या रकमा जमा झालेलं बचत खात्याचं पासबुक, असा गठ्ठा केला. किसान क्रेडिट कार्डाचं कर्जखातं शिल्लक म्हणून दाखवू नये. आठवडाभर आधी नातेवाइकांकडून आणून टाकलेले पाच लाखही कुणाला पटत नाहीत.

डीएस-२०१९ हा जे-१ व्हिसासाठी लागणारा कागद शाळेचा होकार आणि यजमान घर ठरल्यावरच निघतो. तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात आला. २७ मे २०२५ ला अमेरिकेनं एफ, एम आणि जे या विद्यार्थी व एक्स्चेंज व्हिसांच्या नव्या मुलाखती देणं जगभर थांबवलं. १८ जूनला पुन्हा सुरू झालं ते नव्या अटीसह: अर्जदाराची सोशल मीडिया खाती सार्वजनिक हवीत. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतली खाती लिहायची असतात. मुलीनं एकच इन्स्टाग्राम लिहिलं होतं. आठवीत मैत्रिणींबरोबर काढलेलं दुसरं खातं भावानं आठवण करून दिल्यावर भरलं. विसरलेलं खातं नंतर सापडणं हे त्यातल्या फोटोंपेक्षा वाईट दिसतं.

मुंबईत दोन दिवस धरावे लागतात. एक दिवस बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीसाठी. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून सोबतचं माणूस बाहेर कुठे थांबेल हे आधीच ठरवावं. मुलाखतीत प्रश्न दोनच आले: कुठल्या घरी राहणार, आणि परत आल्यावर काय करणार. दुसऱ्याला तिनं ‘अकरावी सायन्स’ एवढंच उत्तर दिलं. कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत शिरता येत नाही, तिकीट काढताना ही तारीख बघावी.

निघण्याआधी घरी ठेवायचं

शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि दहावीची मूळ गुणपत्रिका घरीच राहिली, सोबत फक्त प्रती. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आधारचे ठसे आणि डोळे पुन्हा द्यावे लागतात. ते जायच्या आधी करून घेतलं, नाहीतर परतल्यावर प्रवेशाच्या ऐन गडबडीत आधार पडताळणी अडते. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर सुरू झाले आहेत आणि नोंदणी मुलगी परत येण्याआधीच चालू होऊ शकते. तेव्हा लॉगिनसाठी लागणारा मोबाइल क्रमांक वडिलांचा ठेवला आणि तो चालू राहील हे बघितलं. शिक्षणात पडलेल्या खंडाचं (गॅपचं) प्रतिज्ञापत्र वडिलांना करता येतं. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मध्येच संपत होती, ते एप्रिलमध्येच नवं काढायचं ठरलं. तिकडून येताना तिला दोन गोष्टी आणायला सांगितल्या आहेत: शाळेचं मोहोरबंद ट्रान्सक्रिप्ट, आणि वर्षभरात तिथे घेतलेल्या लशींची नोंद.